एका दमाचा पेला

मी एक जुना पितळी पेला आहे. शेराच्या मापाचा. मित्रांनो, आज तुम्ही मला हातात घेतलंत तर म्हणाल, याला किती पोचे पडलेत, कडा कशी झिजलीय! खरं आहे ते. पण जरा माझ्या आत नाक घालून बघा. म्हशीच्या ताज्या दुधाचा वास अजून येईल. इतक्या वर्षांच्या राखेने आणि चिंचेनेही तो गेला नाही. तो जावा असं मलाही वाटत नाही.

मी जन्मलो तांबटाच्या भट्टीशेजारी. पितळेच्या पत्र्याचा एक सपाट गोल तुकडा, एवढीच माझी ओळख होती. तांबटाने मला तापवलं, ऐरणीवर धरलं आणि ठोकायला सुरुवात केली. प्रत्येक ठोक्याला मी ओरडत होतो आणि प्रत्येक ठोक्याला थोडा खोल होत होतो. पुढे कळलं, खोल झाल्याशिवाय पोटात काही राहत नाही. मग कुतुबुद्दीन कल्हईवाल्यांनी मला निखाऱ्यावर धरून आतून कल्हई केली. नवसागराचा पांढरा धूर निघाला आणि मी आतून चांदीसारखा झालो.

गुंडूआण्णा गवळ्यांनी मला नखाने वाजवून पाहिलं आणि विकत घेतलं. त्यांचा दुधाचा कट्टा मंगळवार पेठेतल्या एका चौकात होता. आपलं कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्याच्या आधीच्या वर्षाची ही गोष्ट.

कोल्हापूरच्या मुलांना दुधाचा कट्टा सांगायला नको, पण बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. संध्याकाळी गवळी आपल्या म्हशी चौकात आणून उभ्या करतो. गिऱ्हाईक पुढे उभं राहतं. त्याच्या डोळ्यांदेखत म्हशीची धार पेल्यात पडते आणि तो पेला तसाच, उबदार, त्याच्या हातात जातो. त्यात पाणी घालायला जागाच नसते. फसवायचं झालंच तर एकाच गोष्टीने फसवता येतं, आणि ती म्हणजे फेस. पेला लांब धरून जोरात धार मारली की फेस काठावर येतो आणि खाली दूध कमी असतं. म्हणून गुंडूआण्णांचा एक नेम होता. पेला भरला की ते क्षणभर थांबायचे, फेस खाली बसू द्यायचे आणि पुन्हा चार धारा मारायचे. त्याला ते 'वरची धार' म्हणत. या वरच्या धारेवर त्यांचं सगळं नाव उभं होतं. लोक आपल्या दारातला कट्टा सोडून त्यांच्याकडे यायचे.

आणखी एक रीत होती. ती कुणी घालून दिली नव्हती, पण सगळे पाळत. तालमीतले पैलवान दूध उभ्याने पीत, एका दमात. पेला ओठाला लागला की रिकामा होऊनच खाली यायचा. म्हातारी माणसं मात्र दगडी कट्ट्यावर बसून घोट घोट पीत. उभे राहणारे वेगळे आणि बसणारे वेगळे.

मित्रांनो, म्हातारपण एखाद्या दिवशी वाजतगाजत येतं असं माणसांना वाटत असावं. मी पाहिलं ते तसं नाही. ते रोजच्या कामात, हळूच येतं. त्र्यंबक मास्तर कट्ट्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे. आधी ते कागद नाकापाशी धरत. मग कोपरभर अंतरावर धरू लागले. एक दिवस हात पूर्ण लांब करून म्हणाले, "कागद ठीक आहे हो, माझे हात आखूड झालेत." कुतुबुद्दीनचाचा पूर्वी कल्हईला बसायच्या विटेवरून टुणकन उठायचे. नंतर उठताना त्यांचा एक हात गुडघ्यावर जाऊ लागला आणि तोंडातून "या अल्ला" निघू लागलं. आणि गुंडूआण्णांची बायको तानाबाई! एक तरुण सासुरवाशीण चरवी घेऊन आली आणि म्हणाली, "आज्जी, दूध शिल्लक हाय काय?" तानाबाई मागे वळून बघू लागल्या, कुठली आजी आली म्हणून. मागे फक्त म्हैस होती. तेव्हा त्यांना उमगलं. त्या इतक्या हसल्या की चरवी अर्धी सांडली. "घे बाई, आज्जीच्या हातचं दूद घे," म्हणाल्या आणि तिला वरची धार दोनदा घातली.

आता नृसिंह वस्तादांविषयी सांगतो, कारण माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट त्यांचीच आहे.

वस्ताद तालमीत पोरांना कुस्ती शिकवत. गुंडूआण्णा आणि ते लहानपणापासूनचे सोबती. एक म्हशींमागे गेला, एक आखाड्यात. दिवे लागायच्या सुमाराला वस्ताद यायचे, अंगाला अजून तालमीची तांबडी माती असायची. मी भरून हातात गेलो की ते डोळे मिटायचे आणि मी रिकामा व्हायचो. मिशीवर फेस तसाच. सगळा चौक बघायचा. मला तर वाटायचं, मी पेला नसून खासबाग मैदानात जिंकलेली गदा आहे.

एका संध्याकाळी मी अर्धा रिकामा झालो आणि वस्तादांचा श्वास तुटला. ते खोकले. मला खाली घेऊन म्हणाले, "माशी पडली लेका," आणि उरलेलं दूध रस्त्यावर ओतलं. माशी नव्हती. ते मला माहीत होतं आणि गुंडूआण्णांनाही. पण गुंडूआण्णा म्हशीच्या पाठीवर थाप मारत एवढंच म्हणाले, "माश्या लई झाल्यात खऱ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आचळांपासून लांब धरलं. धार उंचावरून, जोरात आली. फेस काठावर आला, आणि वरची धार न देताच त्यांनी मला वस्तादांच्या हातात दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वस्तादांनी एका दमात मला रिकामं केलं, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "गुंड्या, अजून हाय की जोर!"

"हाय की मर्दा. जातोय कुठं?"

घरी तानाबाईंनी विचारलं, "आवं, भावजींच्या पेल्यात वरची धार घालत न्हाईसा. मी बघितलंय."

"बघितलंस तर गप बस. पैलवानाचा दम म्हंजे त्याची इज्जत असती. उद्या चारचौघांत तुटला, तर ह्यो गडी तालमीची पायरी चढायचा न्हाय."

पैसे मात्र ते वस्तादांकडून कमीच घेत. "जुनं गिऱ्हाईक," म्हणत. असे कितीतरी महिने गेले.

मग ती चूक झाली. त्या संध्याकाळी गुंडूआण्णांनी मला नेहमीसारखं फेसाने भरून वस्तादांना दिलं. तेवढ्यात त्र्यंबक मास्तरांनी वर्तमानपत्रातली एका कुस्तीची बातमी वाचून दाखवली. वस्तादांना ती पटली नाही. त्यांनी मला कट्ट्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी डाव करून दाखवू लागले. ढाक कशी लागते, पाय कुठे पडतो. मित्रांनो, मी तिथे सगळ्यांसमोर उभा होतो आणि माझ्यातला फेस हळूहळू खाली बसत होता. त्याला मी कसा अडवणार? वस्ताद वळले तेव्हा दूध माझ्या पोटाच्या मध्यापर्यंत होतं.

वस्तादांनी मला उचलून आत पाहिलं.

"गुंड्या, ह्यो शेर व्हय?"

गुंडूआण्णांनी मला परत घ्यायला हात पुढे केला.

"अरे, दुनियेला वरची धार घालतोस आणि माज्या पेल्यात फेस? मित्र मित्र म्हणत माप मारतोस व्हय रं?"

तानाबाई पुढे आल्या. "भावजी, माप मारायचं न्हाई ते, तुमास्नी..."

"गप!" गुंडूआण्णा ओरडले. मग खाली मान घालून म्हणाले, "चुकलं वस्ताद. हात लांब गेला."

वस्ताद मला कट्ट्यावर आपटून निघून गेले. माझ्या बुडाजवळचा हा मोठा पोचा त्या दिवसाचा आहे.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. लोक पेला हातात घेऊन फुंकर मारू लागले, फेस बाजूला करून आत बघू लागले. काहीजण समोरच्या कट्ट्यावर गेले. संध्याकाळी चरव्या भरलेल्या तशाच घरी परत यायच्या. तानाबाई त्या दुधाचं दही लावायच्या आणि विरजण लावता लावता रडायच्या. "एक शबुद बोला त्यास्नी. तुमचं नाव मातीत चाललंय."

"माजं नाव पुन्यांदा मिळंल. त्याचा दम पुन्यांदा मिळणार हाय व्हय?"

आठवडाभराने वस्ताद स्वतःच आले. रागाने नाही, पण मान ताठ. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज फेस नगो. खरा शेर पायजे."

गुंडूआण्णांनी मला उचललं, पण तानाबाईंनी मला त्यांच्या हातून काढून घेतलं. "सरा बाजूला. आज मी काढते."

"अगं, ऱ्हाऊ दे जरासा फेस..."

त्यांनी ऐकलं नाही. मला आचळांना अगदी चिकटवून धरलं. धार माझ्या कडेने आवाज न करता उतरू लागली. दूध काठाला आलं. वर वरची धार पडली. इतका जड मी कधीच झालो नव्हतो.

वस्तादांनी डोळे मिटले. पहिले घोट पूर्वीसारखे गेले. मग गळा थांबला. पुन्हा चालू झाला. पुन्हा थांबला. मी अर्धा भरलेला होतो आणि श्वास संपला होता. त्यांनी मला खाली घेतलं. मिशीवर फेस नव्हता, दूध गळत होतं.

कुणी हसलं नाही. वस्तादांनी आधी माझ्यात पाहिलं. मग गुंडूआण्णांकडे पाहिलं. गुंडूआण्णा म्हशीच्या कपाळावरचा गोंडा सारखा करत होते, जणू त्यांचं इकडे लक्षच नाही. त्या एका क्षणात वस्तादांना सगळं कळलं. लांबून मारलेली धार, कमी घेतलेले पैसे, चारचौघांत गिळलेला आळ.

अजून एक माशी पाडता आली असती. रस्ता समोरच होता.

वस्तादांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, सरका जरा."

मास्तर सरकले. नृसिंह वस्ताद दगडी कट्ट्यावर बसले.

"ऐका रं समदी," ते म्हणाले. "गुंड्याचं माप चोख हाय. दम माजा कमी पडला. ह्यो भला माणूस मला झाकत बसला, आणि म्या त्यालाच चोर ठरवलं."

"लेका, मोठ्यानं कशाला सांगतोस?" गुंडूआण्णा म्हणाले.

"तू गप बसलास म्हणून."

मग त्यांनी उरलेल्या दुधाचा एक छोटा घोट घेतला आणि तो तोंडात धरून ठेवला. कपाळाला आठ्या पडल्या. दुसरा घोट घेतला.

"गुंड्या, ह्या दुदात साकर घातलीस काय रं?"

"साकर कशाला घालीन?"

"मग गोड कसं लागतंय?"

"ते गोडच असतंय की मर्दा! चाळीस वरसं तू चव कुठं घेतलीस? गिळून मोकळा होत हुतास."

चौक हसला. सगळ्यांत मोठ्याने वस्तादच हसले. त्या हसण्यात गुंडूआण्णा आपल्या दोन्ही हातांची बोटं चोळत त्यांच्या शेजारी येऊन बसले. "खरं सांगू? माजी बोटंबी आता धार काढताना सुन्न पडत्यात. कुणाला सांगितलं न्हवतं."

"मला ठावं हाय," म्हशीपाशी बसलेल्या तानाबाई म्हणाल्या. "म्हणून तर आज पेला मी घेतला."

त्या दिवसापासून रोजची धार तानाबाई काढू लागल्या. फुंकर मारणारी गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. आता बाजारात काचेचे पेले आले आहेत, कट्ट्यावर तेच वापरतात. कुतुबुद्दीनचाचा मला बघून म्हणाले, "पितळ पातळ झालंय, आता निखारा सोसायचं न्हाई. ही शेवटची कल्हई." त्यांनी ती अगदी हळू हाताने केली. पूर्वी त्यांचं निखाऱ्याचं काम झटपट व्हायचं. मी एकट्या वस्तादांसाठी राखलेला आहे. रोज संध्याकाळी अर्धा भरतो, आणि ते अर्धं दूध संपायला पूर्वीच्या दहा शेरांइतका वेळ लागतो. त्या वेळात मी दोन मित्रांच्या किती गोष्टी ऐकतो! गदा असल्याच्या दिवसांत एकही ऐकली नव्हती.

मित्रांनो, माझी कुणाविषयी तक्रार नाही. ज्यांनी मला ठोकलं, भरलं, आपटलं आणि पुसलं, त्या सगळ्यांचा मी आभारी आहे. मागायचं आहे ते थोडंच. तुमच्या घरात एखाद्याचा हात गुडघ्यावर जाऊ लागेल, कुणाचा कागद डोळ्यांपासून लांब जाईल, कुणाचा पेला अर्ध्यावर थांबेल. तेव्हा हसू नका. फेसाने झाकूही नका. ते प्रेमाने केलं तरी कधीतरी फेस खाली बसतोच. त्यांच्या शेजारी बसा. त्यांच्या घोटाला लागेल तेवढा वेळ त्यांना द्या. आणि घरातलं जुनं भांडं मोडीत घालण्याआधी एकदा नखाने वाजवून पाहा. आवाज अजून चांगला येतो.