पाचचा नळ

हडपसरच्या त्या वस्तीत दोन गोष्टी पाचच्या ठोक्याला सुरू व्हायच्या. एक महापालिकेचा नळ आणि दुसरा समाजमंदिरातला फुकट शिकवणीचा वर्ग. नळावर पोरी, वर्गात पोरं. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाच्या डोळ्यांत खुपतही नव्हतं.

गोदाबाईच्या मात्र खुपत होतं. तिची नात मुक्ता नववीत, नातू अभिनव दहावीत. सून इंदू आयटी पार्कात झाडलोट करून सातला परतायची. मुलगा वैजनाथ रात्रपाळीला कंपनीच्या लोकांची गाडी चालवायचा. दिवसभर झोपून पाचला उठायचा आणि खाटेवर बसून चहाची वाट बघायचा. गोदाबाईच्या गुडघ्यांनी कधीच राम म्हटला होता. मग हंडा राहिला कुणाला? मुक्ताला.

"एक दिवस अभिनवला लाव की नळावर," गोदाबाई म्हणायची.

"आई, पोराच्या खांद्यावर हंडा? गल्ली हसंल."

"हसू दे. हसण्यानं हंडा जड व्हत न्हाई."

वैजनाथ हसायचा आणि कुशीवर वळायचा. भिंतीशी बोललेलं बरं, निदान ती घोरत तरी नाही.

पाणी भरून मुक्ता वर्गात पोचायची तेव्हा तिचा परकर गुडघ्यापर्यंत ओला असायचा आणि सतरंज्या गुंडाळायची वेळ झालेली असायची.

वर्गाला दोन वर्षं झाली, तशी कॉलेजातली मुलं त्याचा उपयोग किती झाला ते तपासायला आली. प्रज्ञेश नावाचा चुणचुणीत मुलगा आणि नम्रता नावाची अबोल मुलगी. त्यांनी मुलांना गणितं घातली, धडे वाचायला लावले. मुक्ता शेवटी पोचली. दोन गणितं झाली तोवर वेळ संपली. गोदाबाई काठी टेकत त्यांच्याकडे गेली.

"बाळा, पोरी उशिरा का येत्यात, ते इचार की. नळ पाचला येतो."

"आजी, तो महापालिकेचा इश्यू आहे. आमचा सर्व्हे फक्त लर्निंगवर आहे."

"म्हंजे तुमच्यात पाणी न पिता शिकत्यात व्हय?"

प्रज्ञेश छान हसला. नम्रताने मान वर केली, काही विचारणार होती. पण तोवर त्याने पुढच्या मुलाला हाक मारली होती.

रविवारी पालकांची सभा झाली. प्रज्ञेश म्हणाला, "मुलांची प्रोग्रेस एक्सलंट आहे. मुलींमध्ये मात्र इंटरेस्ट कमी दिसतो." टाळ्या पडल्या. वैजनाथने ते एकच वाक्य देवळातल्या अंगाऱ्यासारखं जपून घरी आणलं.

"ऐकलंस न्हवं, आई? शिकलेली पोरंच म्हंत्यात, पोरींना गोडी न्हाई. मग कशाला शाळेत घालून ठेवायची? ज्ञानदेवरावांच्या जयसिंगाचं स्थळ आलंय. गुरुवारी पाचला बघाया येत्यात. ठरलं की दिवाळीनंतर उरकून टाकू."

"पंधरावं लागलंय रं तिला! कायदा हाय."

"आपल्यात कोण बघतंय कायदा?"

इंदू दारामागून पुटपुटली, "आत्या, तुमीच बोला." तिच्या बोलण्याला त्या घरात तेवढीच किंमत होती.

मुक्ता मोरीत हंडा घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आज्जे, मला गोडी हाय गं." आणि पुन्हा घासू लागली, जणू हंड्याचा तळ काढायचा होता.

गुरुवारी दुपारी इंदूची ठेवणीतली साडी खुंटीवर तयार होती. गोदाबाईने ती घडी करून ट्रंकेत टाकली. साडेचारला मुक्ताच्या हातात दप्तर दिलं. "जा. अन् आज पयल्या रांगेत बस."

"पाणी, आज्जे?"

"पाण्याचं मी बघते."

पाहुणे आले. ज्ञानदेवराव, त्यांची बायको आणि कडक इस्त्रीतला जयसिंग. वैजनाथ डोळे चोळत उठला. बाहेर नळ धो धो वाहत होता, बाया-पोरींची रांग लागली होती. आणि घरात हंडा पालथा.

"आई, पाव्हण्यांना पाणी दे."

"न्हाई पाणी."

"न्हाई म्हंजे?"

"भरणारी वर्गात गेलीय. तुला घागर उचलाया लाज वाटती, तुझ्या लेकाला वाटती. मग येणार कुठनं?"

वैजनाथचा चेहरा उतरला. "शेजारनं आण!"

"शेजारच्या पोरींनी भरलेलं? त्या काय झऱ्यावर जन्मल्यात?" गोदाबाई जयसिंगाकडे वळली. "बाबा, तान्ह लागली आसंल तर हंडा हाय, नळ बी हाय. भरून आण. आमच्या पोरीनं जन्मभर तुमचं पाणी भरावं म्हंताय, तू एक हंडा भरून दाव."

जयसिंग बापाकडे बघू लागला. ज्ञानदेवराव ताडकन उठले. "बोलवून अपमान करता?"

"पोर द्यायची न्हाई, एवढंच सांगते. न्हाण आलं म्हंजे लगीन आलं, ह्ये माझ्या घरात हितनं पुढं न्हाई."

पाहुणे कोरड्या घशानं गेले.

"आई, नाक कापलंस!"

"नाक हाय जाग्यावर. पाणी तेवढं न्हाई. ड्यूटीला अंघोळ न करता जाणार का?"

वैजनाथने हंड्याकडे बघितलं. मग उचलला. रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तो मेल्याहून मेल्यासारखा झाला, पण पाणी घेऊन आला.

सहाला, वर्गाचे फोटो काढायला आलेली नम्रता दारात आली. "आजी, मुक्तानं आज सगळी गणितं सोडवली. मग त्या दिवशी दोनच कशी..." बोलता बोलता तिला दुसरा हंडा घेऊन येणारा वैजनाथ दिसला. "चुकलंच आमचं. मी आमच्या कॉलेजच्या सरांना सांगते. रिपोर्ट बदलू, वर्गाची वेळही बदलू."

दोन दिवसांनी ती पडल्या चेहऱ्याने परत आली. रिपोर्ट वर्गाला पैसे देणाऱ्या कंपनीकडे गेला होता, फोटोंसकट. आणि वेळ बदलली तर मुलांच्या कॉम्प्युटर क्लासची अडचण होते म्हणे. म्हणजे अडचण असते ती मुलांची. मुलींची असते ती सवय!

"मग आता काय करायचं, आजी?"

गोदाबाईने काठी उचलली, पाट काखेत मारला आणि नळाशी जाऊन बसली. नम्रता शेजारी उभी राहिली. पाच वाजले. पोरी हंडे-कळश्या घेऊन येऊ लागल्या.

"तुझा भाऊ कुठं हाय गं?" गोदाबाईने पहिलीला विचारलं.

पोरगी लाजून हसली. दुसरीने खाली मान घातली. तिसरीची आई खेकसली, "म्हातारे, तुला काय करायचंय?"

त्या दिवशी एकाही पोरीचा भाऊ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गोदाबाईचा पाट मात्र पाचला नळाशी असतो, आणि प्रश्न तोच. वाचणारे हो, तो नुसता त्या वस्तीला विचारलेला नाही.