जिवाबाबाने साफ केलेला उतार

"बाबा, इथले दगड कुठं गेले?"

"बांधावर रचलं सगलं!" घामाने निथळत बाबा हसला. "गवतही कापला. तुझी मॅडम येणार, तं पायाला ठेच नको लागाय."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पोशेऱ्यातला आमचा हा उतार म्हणजे माझी पीएचडी! जमिनीलगत उडणारं ड्रोन रडारला सहसा सापडत नाही. रडारची लहर दगडांवर, गवतावर आपटून चहूकडे फुटते आणि त्या गोंगाटात ड्रोन हरवतं. हा गोंगाट गणिताने आधीच सांगता येतो, असं माझं म्हणणं. त्यासाठी दिवाळीपासून या उतारावर रांगून मी दगडन् दगड मोजला होता. आज खरं ड्रोन उडवून ते गणित पडताळायचं होतं. आणि पाहुणे येणार म्हणून माझ्या बापाने, जिवाबाबाने, अख्खा पाडा कामाला लावून उताराचं खळं करून ठेवलं!

"सारवायचा तेवढा राहला," शेजारची चैतीकाकी म्हणाली.

जळलं मेलं ते सारवण! ओरडायला मी तोंड उघडलं आणि बाबाचे हात दिसले. बोटं सोलवटलेली. मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. राग मात्र गेला नाही.

माझ्या गाइड प्रतिभा मॅडम जीपमधून उतरल्या आणि बघतच राहिल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हर्षाली, असं गवत आता पुढच्या पावसाळ्यानंतरच. तुझी फेलोशिप तर मार्चमध्ये संपतेय."

"ठाऊक आहे."

"दगड परत पसरले तर?"

"मी मोजलेला उतार तो नसेल, मॅडम."

"मग आता काय करायचं?"

"उडवू या. माणसं बघायला जमलीत."

ड्रोन उतारालगत सरकत गेलं. रडारच्या पडद्यावर त्याचा ठिपका लख्ख उमटला. शेंबड्या पोरालाही सापडला असता! माझ्या कामाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

बाबा माझ्या खांद्यावरून डोकावला. "दिसला का गं?"

"दिसला, बाबा. एकदम स्वच्छ."

"बघा!" तो पाड्याकडे वळून ओरडला. "साफ केला म्हणून दिसला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू फुटत होतं, म्हणून मी वायरी गुंडाळायला खाली वाकले. बाबाही शेजारी बसला आणि मला मदत करू लागला.

"पुढचे सालाला आदी सांग," तो हळूच म्हणाला. "वरचा माळ पण साफ करून देतू."

"सांगीन," मी म्हणाले.