बी तातूंच्या ओट्यासमोर

मित्रांनो, मी एक जुनी रिक्षा आहे. जन्म माझा पुण्याजवळच्या कारखान्यात झाला, पण हाडे झिजवली ती दूर समुद्रापलीकडच्या दारेसलाम शहराच्या रस्त्यांवर. जहाजातून उतरले तेव्हा माझा पिवळा रंग असा झळकत होता की माझा मालक माचानो याने मला पुसायला स्वतःचा ईदचा सदरा घेतला. बायकोने त्याला चांगलेच फैलावर घेतले.

पुढे ऊन, खारा वारा आणि खड्डे यांनी माझा तोरा उतरवला. स्टँडवरच्या नव्या रिक्षावाल्यांनी माझे नाव म्हातारी ठेवले. माचानोने मात्र मला विकायची गोष्ट कधी काढली नाही. त्याची मी जन्माची ऋणी आहे.

एका शनिवारी सकाळी न्याकिओ नावाची परिचारिका माझ्यात बसली. ती नैरोबीहून इथल्या इस्पितळात नोकरीला आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसने तिची लहानगी लेक येणार होती, आणि न्याकिओच्या वसतिगृहात मुलांना मनाई होती. पोरीला ठेवायचे कुठे, या काळजीने तिचा जीव अर्धा झाला होता.

आम्ही मगोमेनीची सारी वस्ती पालथी घातली. न्याकिओ माझ्यातूनच मान बाहेर काढून विचारी, खोली रिकामी आहे का, पाणी रोज येते का. आणि दारोदारी एकच उत्तर मिळे, "गेली." बी तातू नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या भिंतीवर तर 'खोली भाड्याने देणे' ही खडूची अक्षरे ताजी होती. त्यांनीही मान वर न करता "गेली" म्हटले.

"ताई, जरा खाली उतरून बोला," माचानो म्हणाला.

"वेळ कुठाय, भाऊ?"

नैरोबीच्या माणसांना घाई फार. आमच्याकडे आधी तब्येत विचारायची, मग झोप, मग घरची माणसे, आणि कामाचे सगळ्यात शेवटी.

दुपारी त्याच गल्लीतून परतताना माझ्या इंजिनाने राम म्हटला, तोही नेमका बी तातूंच्या ओट्यासमोर. माचानो दुरुस्तीला लागला. न्याकिओ उन्हातून ओट्याच्या सावलीला सरकली. बी तातू सुपात तांदूळ निवडत होत्या. मागायचे आता काही उरले नव्हते, म्हणून तिने वाकून नुसते "शिकामू" म्हटले. थोरांना इथे असाच नमस्कार करतात. मग विचारपूस निघाली. बी तातूंचे गुडघे, रात्रीचा उकाडा, गावाकडचा पाऊस. न्याकिओही तांदळातले खडे वेचू लागली आणि लेकीचे सांगता सांगता तिचे डोळे भरले.

बी तातूंनी सूप खाली ठेवले. "ऊठ, मागची खोली झाडून घे."

"पण मावशी, सकाळी तर गेली म्हणालात."

"सकाळी तू खोलीची चौकशी केलीस, पोरी. माझी कुठे केलीस?"

न्याकिओ रडता रडता हसली. मलाही फार बरे वाटले.

रविवारी त्या चिमुरडीला बसवरून मीच आणले. पेंगुळलेल्या डोळ्यांनी तिने विचारले, "आई, आपलं घर कुठलं?" न्याकिओ बोट दाखवणार, तोच ओट्यावरून बी तातूंचा आवाज आला, "मी जिथं उभी आहे ना, तेच."

न्याकिओ अजून माझ्यातूनच कामाला जाते. बंद पडल्याबद्दल जिचे आभार मानले गेले, अशी रिक्षा या शहरात मी एकटीच असेन. मित्रांनो, नव्या गाड्या तुम्हाला भरभर पोचवतील. पण आम्हा जुन्यांचेही वेळेवर तेलपाणी करा, आम्हाला कोपऱ्यात गंजत टाकू नका. आणि कधी माझ्यात बसलात, तर आधी "बरी आहेस ना?" एवढे विचारा. कुठे जायचे ते मग सांगा.