अर्धं बिस्किट

“अर्धं,” साहेब म्हणाले. “एका वेळचं खाणं म्हणजे अर्धं बिस्किट. तसं टाका.”

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. बिस्किटांच्या कारखान्यात लेबलं तपासणाऱ्या या बाईला सगळेच काकू म्हणत, साहेबसुद्धा. पाकिटावर छापायच्या आकड्यांखाली ‘तपासले’ म्हणून त्यांची सही लागे. एकोणीस वर्षं लागत होती. निवृत्तीला दहा महिने उरले होते.

“अर्धं कोण खातं, साहेब?”

“कोण खातं ते आपण नाही बघायचं. नियम काय म्हणतो ते बघायचं.”

नियमाचं म्हणणं एवढंच होतं, की एका वेळच्या खाण्यात ट्रान्स फॅट अर्ध्या ग्रॅमच्या आत असलं तर ‘शून्य’ लिहायला हरकत नाही. शाळेच्या डब्यासाठी म्हणून काढलेल्या या नव्या बिस्किटात ही काळजाला बाधणारी चरबी आठ दशांश ग्रॅम होती. साहेबांनी बिस्किट कागदावर मोडलं आणि चरबी नाहीशी झाली. अकरा दिवसांच्या परदेशी प्रशिक्षणातून माणूस एवढीच विद्या घेऊन आला होता.

बाहेर जाणाऱ्या मालाची लेबलंही काकूच बघत. एका देशात दर शंभर ग्रॅमचा आकडा द्यावा लागतो. तिथे बिस्किट मोडून भागत नाही. दुसऱ्या देशात पाकिटाच्या तोंडावर इशाऱ्याचा काळा अष्टकोन मारावा लागतो, तो बघून गिऱ्हाईक पाकीट परत फळीवर ठेवतं. त्या देशांसाठी साहेबांनी मुकाट्याने तेल बदललं होतं. इथल्या पोरांच्या वाट्याला मात्र भागाकार.

“काकू, माझा आकडा बरोबर आहे हं,” चाचणीचा कागद घेऊन आलेला लॅबवाला म्हणाला. “मी आठ दशांशच दिलाय. पुढचं तुम्ही दोघं बघा.” एवढं बोलून, स्वतःच्या सचोटीवर खूश होऊन, तो भिंतीला टेकला.

“साहेब, तुमची धाकटी पाचवीत ना?” काकूंनी हळूच विचारलं. त्यांचा आवाज कधीच चढत नसे.

“हो. का?”

“तिला डब्यात अर्धंच देता का?”

“छे, ती असलं काही खात नाही,” साहेब बोलून गेले.

लॅबवाला उगाच खोकला. साहेबांचे कान लाल झाले; शरमेने नव्हे, पकडले गेल्याच्या रागाने.

“दोन वर्षांपूर्वी पाऊण बिस्किटावर तुम्हीच सही केलीत ना? तेव्हा तुमचा देवधर्म कुठे गेला होता?”

“केली. तेव्हाच लाज वाटायला हवी होती. उशिरा वाटली.” काकूंनी कागद साहेबांकडे सरकवला. “यावर नाही करणार.”

“मग दहा महिने गोदामात बसा.”

“बसते.”

“तू कर रे,” साहेब लॅबवाल्याला म्हणाले.

भिंतीचा टेकू सुटला. त्याने खिसे चाचपले आणि टेबलाकडे पाहिलं. “काकू, तुमचं पेन घेऊ?”

“घे. झाकण लावत जा मात्र, शाई सुकते.”

त्याने सही अशी केली की नाव कुणाला वाचता येऊ नये. काकूंनी पर्स उचलली, खुर्ची टेबलाखाली सारली आणि त्या जिना उतरल्या.

गोदामात काम असं नव्हतंच. गोदामवाल्याने खोकी बाजूला करून जागा केली, फडक्याने टेबल पुसलं. आपण यांना काय काम सांगणार, या विचाराने तोच बिचारा अवघडला होता. चौथ्या दिवशी नवा माल खाली आला. पाकिटावर दप्तर घेतलेला हसरा मुलगा.

गोदामवाल्याने एक पाकीट पुढे केलं. “घ्या काकू, नवीन आहे.”

“नको रे. तुझी मुलं खातात?”

“खातात की! फुटका माल मी घरीच नेतो. दोघं डबाच फस्त करतात.”

“हा नेऊ नकोस.”

“का हो?” त्याने पाकीट उलटं केलं, बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरली, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. “अहो, ट्रान्स फॅट शून्य लिहिलंय की! छापलंय इथं. छापलेलं खोटं असतं होय?”

काकूंनी पाकीट त्याच्या हातातून घेतलं. या माणसाचा राग येणं शक्य नव्हतं. राग धरावा अशी माणसं वरच्या मजल्यावर बसली होती.

“ते खोकं ओढ इकडे,” त्या म्हणाल्या. “बस.”

तो बसला. काकूंनी पाकीट दोघांच्या मध्ये ठेवलं, ‘एका वेळचं खाणं : अर्धं बिस्किट’ या पहिल्या ओळीवर बोट टेकवलं आणि सावकाश, एकेक शब्द सोडवत, वाचायला सुरुवात केली.