टोपण लावल्यानंतर

“झालं, सर,” मार्वा म्हणाली आणि तिनं मार्करला टोपण लावलं.

मी बाकावर बसल्या बसल्या गार पडलो. झालं कसलं, कपाळ! फळ्यावर उत्तर होतं शून्य.

लिंडक्विस्ट सरांच्या तोंडी परीक्षेत प्रश्न एकच आणि नियमही एकच. टोपण लावलं की उत्तर दिलं. मग कितीही डोकं आपटा.

मार्वा डिकर्सन आमच्या टोलेडो शहरातल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची उठबस करते. तिला एक्स-रे काढायचं शिकायचंय आणि त्यासाठी फिजिक्स पास व्हावं लागतं. मागच्या वर्षी ती नापास झाली, आणि कॉलेज तिसऱ्यांदा बसू देत नाही. तिची शिकवणी मी घेतो, म्हणून सरांनी मला आत बसू दिलं होतं. अट एकच, तोंड उघडायचं नाही.

गणित साधंच होतं. डावीकडे प्लस प्रभार, उजवीकडे तेवढाच मायनस, मधोमध एक बिंदू. तिथं विद्युतक्षेत्र किती? तिनं बाण अगदी अचूक काढले, दोन्ही उजवीकडे. आणि मग सूत्रात पुन्हा मायनस घातला! अगं बाई, दिशा बाणानं सांगून झाली ना एकदा? दोघांचं क्षेत्र छत्तीस-छत्तीस, म्हणून छत्तीस उणे छत्तीस. हीच चूक करू नकोस म्हणून महिनाभर घसा कोरडा केला होता मी.

सरांनी पेन उचललं. मार्वा अजून फळ्याकडेच बघत होती.

“थांबा, थांबा. असं कसं होईल? समजा मी इथं उभी आहे, प्लस. हा मला ढकलतोय, तो मला ओढतोय, दोघंही एकाच बाजूला. मग मी जागेवर राहीनच कशी?”

तिनं टोपण काढलं.

“मार्वा, टोपण लावलं होतंस तू.”

“माहितीय, सर.”

“अहो सर, तिचं तिलाच कळलंय!” माझ्याच्यानं राहवलं नाही.

“गस, तू गप्प बस.” सरांचा आवाज चिरकला. “काल परीक्षेत रस्टीनंही असंच टोपण काढलं, त्याला नाही म्हटलं मी. तोही नंतर बरोबरच सांगत होता. आज हिला कोणत्या तोंडानं हो म्हणू?”

“नका म्हणू,” मार्वा म्हणाली. “पण ते शून्य तसंच ठेवून मी इथनं हलायची नाही.”

तिनं तळहातानं शून्य पुसलं. छत्तीस अधिक छत्तीस. बहात्तर न्यूटन प्रति कूलंब, उजवीकडे.

“नापास ना?”

“हो,” सर म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

“बरं.”

मला दोघांचाही संताप आला होता, आणि रडूही येत होतं. तेवढ्यात पुढचा वर्ग आत घुसला. सरांनी डस्टर हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. पोरांनी वह्या काढल्या आणि ती गणित उतरवून घ्यायला लागली.

बाहेर मार्वा कोटाची बटणं लावत होती. एक बटण काही केल्या लागेना.

“गस, माझ्या समाधानासाठी म्हणू नकोस हं. बरोबर आलं ना?”

“बरोबर आलं, मार्वा. पूर्ण बरोबर.”

“मग झालं तर,” ती म्हणाली. “चल, निघते. माझ्या म्हाताऱ्यांची जेवायची वेळ झाली.”