अठरा मिलिमीटर

विश्रांतवाडीच्या पूर्वाने एमएस्सीच्या प्रयोगासाठी निर्गुडीच्या पाल्याचा अर्क काढला. जंतू पेरलेल्या काचेच्या बशीत तिने तो सहा वेळा टाकून पाहिला, आणि सहाही वेळा बशीभर जंतूच माजले. सातव्या सकाळी मात्र अर्काभोवती स्वच्छ गोल दिसला. तिथे एकही जंतू वाढला नव्हता. तिने पट्टी लावली, गोल अठरा मिलिमीटर भरला.

"आणखी दोनदा करून दाखवा, मग नाचा," सर म्हणाले.

तिने केलं. दोन्ही वेळा अठराच.

ती धावतच पीसीओवर गेली आणि वडिलांच्या कारखान्यात फोन लावला.

"बाबा, अठरा मिलिमीटर."

लेथवरून उठून आलेल्या कचरूंनी विचारलं, "बोल्ट का?"

पूर्वाला हसू आवरेना. कचरूंना कळलं काहीच नाही, पण तेही हसत सुटले.