मांडवावरची ताडपत्री

शमुवेल मास्तरांनी हातातली पिशवी बाजेवर ठेवली, चपला काढल्या, मांडवात शिरून मान वर केली, आणि आभाळाच्या जागी त्यांना निळी ताडपत्री दिसली.

दुपारी हिंगणघाटला निघताना ते याच जागी उभे राहून वर बघून गेले होते. तेव्हा सिंदीच्या झावळ्यांच्या फटींतून आभाळ दिसत होतं, अगदी हवं तेवढं. मेणबत्त्या आणि खजूर घेऊन चारच्या एसटीनं ते वडनेरला परत येईपर्यंत कोणीतरी झावळ्यांवर ही भलीमोठी ताडपत्री अंथरली होती. चारही कोपरे सुतळीनं आवळून बांधले होते. गाठी पाहून कळत होतं, बांधणारा कामाचा माणूस होता.

"ओरडू नका," मिल्काबाई स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाल्या. एक हात चौकटीला होता, दुसऱ्या हातात काठी. "महादेवभाऊजींनी घातली."

"आणि तू बघत बसलीस?"

"त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. माझा धीरच झाला नाही."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. पावणेपाच. सूर्य मावळला की सण लागणार, आणि सण लागला की गाठ मारायची नाही, सोडायचीही नाही. जे काय करायचं ते तासाभरात करायला हवं होतं.

वडनेरात यहुदी घर हे एकच, शमुवेल झिराडकर मास्तरांचं. झिराडकरांचं मूळ गाव अलिबागेकडे, पण शाळेतल्या नोकरीनं मास्तरांना इकडे आणलं आणि निवृत्तीनंतरही ते इथेच राहिले. सुक्कोथला, म्हणजे मांडवाच्या सणाला, नवराबायको दर वर्षी गाडीनं ठाण्याला जात आणि तिथल्या प्रार्थनामंदिराच्या मांडवात चार माणसांत बसत. यंदा मिल्काबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं, तेव्हा त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "मांडव आपल्या अंगणात घालतो." तेव्हापासून ही बाई आनंदात होती. रोज बाजेवर बसून ती खड्ड्यांच्या जागा दाखवी आणि मास्तर खणत. असा मांडव जर नियमाचा झाला नाही, तर आज रात्री तिला आशीर्वाद कुठल्या तोंडानं म्हणून दाखवायचा?

नियम तसा सोपा होता. भिंती कशाच्याही चालतात. मास्तरांनी तीन बाजूंना नव्या कोऱ्या खाकी ताडपत्र्या लावल्या होत्या. छत मात्र जमिनीतून उगवलेल्या वस्तूचंच हवं, आणि त्यातून वरचं आभाळ दिसायला हवं.

"मास्तर! आले का तुमी?" कुंपणापलीकडून महादेवराव आले. डोक्याला रुमाल, धोतरावर सोयाबीनचा भुसा, आणि तोंडभर हसू. "पाह्यलं का? आता तुमच्या देवावर एक थेंब पडत नाई."

"पाहिलं," मास्तर म्हणाले.

"कशी हाय?"

"मजबूत आहे."

मिल्काबाईंनी दारातून आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की मास्तरांना खाकरावं लागलं.

खरं सांगायचं तर दोष मास्तरांचाच होता. चार दिवसांपूर्वी, गल्लीतल्या तानबानं सिंदीच्या झावळ्या आणून टाकल्या त्या संध्याकाळी, गल्लीतली माणसं मांडव पाहायला जमली होती. आणि चार माणसं समोर बसली की मास्तरांची जीभ सुटते, हे सगळं गाव जाणून होतं. त्यांनी पूर्वजांची गोष्ट काढली. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामगिरीतून सुटून रानात निघालेली माणसं. देव त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला, म्हणाला, माझ्यासाठी एक जागा करा, म्हणजे मी तुमच्यात राहीन. पण जबरदस्ती कोणावर करू नका. ज्याच्या मनात येईल त्याच्याकडूनच घ्या. मग कोणी सोनं आणलं, बायकांनी आपले आरसे आणले, कोणी शेळीच्या केसांचं कापड विणून आणलं. त्यातून देवाचा तंबू उभा राहिला, आणि त्या तंबूवर एकावर एक चार पांघरुणं घातली. इथे मास्तरांनी चार बोटं उंच धरून दाखवली होती. तेवढ्यात वीज गेली, जो तो उठून घरी गेला आणि गोष्ट अर्धीच राहिली.

महादेवरावांच्या डोक्यात ती चार बोटं तशीच राहिली होती.

"तुमीच सांगतलं ना," ते आता म्हणाले, "त्याच्यावर चार चार पांघरुणं होती म्हणून. म्या मनात म्हटलं, अन् इथं एकबी नाई. ढग तं पाहा कसे भरून राह्यले."

मास्तरांनी दक्षिणेकडे पाहिलं. ढग खरंच भरून आले होते. पावसाचा महिना केव्हाच उलटला होता, पण जाता जाता तो सोयाबीनवाल्यांना एकदा घाबरवल्याशिवाय जात नसे. हा विचार मनात आला आणि मास्तरांची नजर आपोआप कुंपणापलीकडे वळली.

महादेवरावांच्या खळ्यात सोयाबीनची गंजी उभी होती. उघडी.

"महादेवराव, ही ताडपत्री तुमच्या गंजीवरची आहे?"

"हो ना. दुसरी कुठून आनू?"

"आणि पाऊस आला म्हणजे?"

"येईन तं येईन. सोयाबीन दर सालीच होते. देव काय दर साली अंगणात येते का?"

आयुष्यभर मास्तरांनी कोणाचं काही ठेवून घेतलं नव्हतं. महादेवरावांकडून वाटीभर कढी आली, तर अंधार पडायच्या आत ती वाटी गूळ नाहीतर चकल्या घेऊन परत जाई. तानबाला झावळ्यांच्या बदल्यात ते काही द्यायला गेले, तर तो दोन दिवस रुसला होता. आणि आता हा गृहस्थ वर्षाचं पीक उघड्यावर टाकून त्यांच्या देवावर छत धरून उभा होता. याची परतफेड कशात करायची?

परतफेड सुचण्याआधीच आवाज आला.

"गंजीवरची ताडपत्री कुठी गेली वो?" महादेवरावांच्या बायको सुलोचनाबाई खळ्यातून कुंपणाकडे येत होत्या. "म्या इकडं धारा काढून राह्यली अन् तिकडं गंजी उघडी! कोन नेली?"

महादेवराव एकाएकी सुतळीची गाठ तपासू लागले.

मास्तरांच्या अंगात मात्र हुशारी आली. त्यांना वाट सापडली. ज्याच्या मनात येईल त्याच्याकडूनच घ्यायचं, आणि ताडपत्री तर दोघांची. बाईंना विचारलंच नव्हतं.

"वहिनी," ते घाईनं म्हणाले, "ही पाहा, इथे आहे. महादेवरावांनी देवाच्या मांडवावर घातली. पण तुम्हाला न विचारता दिलेलं आम्हाला चालत नाही. असा नियमच आहे. दोघांची मर्जी हवी."

सुलोचनाबाईंनी मांडवाकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. पदर खोचला होता तो सोडला आणि नीट खांद्यावरून घेतला.

"देवासाठी देल्ली काय?" त्या म्हणाल्या. "मंग राहू द्या. माही बी मर्जी हाय."

मास्तर खाली बाजेवर बसले. दान आता अगदी शास्त्रशुद्ध झालं होतं, आणि मांडव मुळीच नव्हता.

शेवटी मिल्काबाईच पायऱ्या उतरल्या. तीन पायऱ्या उतरायला त्यांना वेळ लागला. सुलोचनाबाईंनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"भाऊजी," मिल्काबाई म्हणाल्या, "त्या दिवशी यांची गोष्ट अर्धीच राहिली. पुढची मी सांगते. लोक रोज सकाळी आणत राहिले. थांबेचनात. शेवटी कारागीर मोशेकडे गेले, म्हणाले, लागतं त्याच्यापेक्षा जास्त झालं. मग मोशेनं सगळीकडे निरोप फिरवला, पुरे झालं, आता कोणी काही आणू नका. आता मला सांगा, ज्यांना थांबवलं त्यांचं देणं वाया गेलं का?"

"नाई," महादेवराव सावकाश म्हणाले. "त्यायनं तं आनलंच होतं."

"तसं तुमचं पोचलं. पण तो तंबू निराळा आणि हा मांडव निराळा. यात बसून आभाळ दिसायला हवं. पाऊस लागायला हवा, ऊनही लागायला हवं. आपलं घर कितीही पक्कं असलं तरी आठ दिवस असं कच्च्यात राहायचं, म्हणून तर हा सण."

महादेवराव वर बघत राहिले. "म्हंजे चुकलंच माहं."

"चुकलं यांचं," मिल्काबाई म्हणाल्या. "अर्धीच गोष्ट सांगतात."

सुलोचनाबाईंना आधी हसू आलं, मग महादेवरावांना. "चाला मंग," ते म्हणाले, "उतरवू."

सव्वापाच झाले होते. मास्तर स्टुलावर चढले. घाई आणि संकोच दोन्ही एकदम झाल्यावर माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं. महादेवराव "थांबा, थांबा, काटे हायेत" म्हणत असतानाच त्यांनी कोपरा ओढला. सिंदीच्या झावळीचे काटे दाभणासारखे असतात. ताडपत्री मधोमध हातभर फाटली.

लांबवर ढग गुरगुरले.

"फाटली तं फाटली," महादेवराव म्हणाले. "गोनपाट टाकू वरून."

गोणपाटानं पाणी थांबत नाही हे तिथल्या चौघांनाही ठाऊक होतं. मास्तर स्टुलावरून उतरले. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. ते सरळ मांडवाच्या खळ्याकडच्या भिंतीपाशी जाऊन तिच्या गाठी सोडू लागले.

"अहो, भिंत!" मिल्काबाई म्हणाल्या.

"दोन पुरतात."

"तिसरी?"

"तिसरी चार बोटं असली तरी चालते. नियम आहे." नियम सांगताना मास्तरांचा आवाज नेहमी करडा व्हायचा. आज तो तसा झाला नाही. इतकी वर्षं हा नियम ते पाठ म्हणत आले होते, आणि तो किती सढळ हाताचा आहे हे त्यांच्या आज लक्षात आलं. "शाळेच्या मोडक्या फळ्याचा तुकडा आहे ना माळ्यावर, तो उभा बांधतो."

महादेवरावांनी दोन्ही हात पुढे केले. "नाई, नाई, मास्तर. देवाच्या भिंतीची ताडपत्री गंजीवर? मले नाई चालत."

"का चालत नाही?"

"बरं नाई दिसत ते."

"ज्याच्या मनात येईल त्यानं द्यावं," मास्तर म्हणाले. "आता माझ्या मनात आलं. तुमची आम्ही घेतली की नाही? धरा तिकडून."

आणि त्यांच्या ध्यानात आलं की ही परतफेड नव्हती. वाटी परत पाठवताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटायचं. आता तसलं काही वाटत नव्हतं. नुसतंच बरं वाटत होतं.

चौघांनी मिळून गंजी झाकली. म्हणजे तिघांनी झाकली आणि मिल्काबाईंनी कुंपणाशी उभं राहून काठीनं कोपरे दाखवले. खाली फाटकी निळी, वर नवी खाकी, कडेनं दगड. मग मास्तर पळत आले, फळ्याचा तुकडा खांबाला उभा बांधला, शेवटची गाठ मारली आणि घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं उरली होती. तेवढ्यात त्यांनी अंघोळ उरकली, पांढरा सदरा घातला आणि टोपी चढवली.

मिल्काबाईंनी मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरला आणि पुटपुटल्या. भिंत नसलेल्या बाजूनं महादेवराव आणि सुलोचनाबाई धुतलेले पाय घेऊन आत आले. त्यांच्या मागून झेंडूची ओंजळ घेऊन शेजारची रीता आली, तिच्या मागून तानबा. तिसरी भिंत असती तर एवढी माणसं मावली नसती. मास्तरांनी काळ्या मनुकांच्या शरबताचा पेला उंच धरून आशीर्वाद म्हटला, पेला सगळ्यांत फिरला, आणि मिल्काबाईंनी पोळीचा पहिला घास तोंडात घातला. त्या वर बघत होत्या. झावळ्यांतून आभाळ दिसत होतं, ढगाळ तर ढगाळ.

"ठाण्याच्या मांडवात मला कधी वर बघायला सवडच मिळाली नाही," त्या म्हणाल्या. "गर्दी किती!"

दुसरा घास कोणाला मिळाला नाही. टपटप थेंब आले आणि मागोमाग सर. तानबानं भांडी उचलली, रीतानं फुलं, सुलोचनाबाईंनी मिल्काबाईंना. सगळी ओसरीवर येऊन उभी राहिली, ओली, हसत. पाऊस आला तर उठून घरात जायचं, असाही नियमच होता. मास्तरांनी तो सांगितला नाही. आज बरेच सांगून झाले होते.

समोर मांडव गळत होता. मेणबत्त्या केव्हाच विझल्या होत्या. कुंपणापलीकडे गंजीवरच्या खाकी ताडपत्रीवरून पाण्याचे ओघळ वाहत होते आणि खाली सोयाबीन कोरडं होतं.

महादेवरावांनी डोक्याचा रुमाल काढून पिळला. मांडवाकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "देव भिजून राह्यला ना."

मास्तर गंजीकडे पाहत होते.

"नाही भिजत," ते म्हणाले. "मघाशीच झाकला ना आपण त्याला."